करडाचं काय झालं

कितीही गुबगुबीत गोष्ट कात्रीच्या टेबलावर गेली तरी परत येताना तिची हाडंच तेवढी उरतात, असं कचेरीत सगळे म्हणत. कात्री हे काही तिचं खरं नाव नव्हे. पण नव्याने वाचायला लागलेल्या मुलांसाठी पुस्तकं काढणाऱ्या त्या संस्थेत तिला दुसऱ्या नावाने हाक मारणारं आता कोणी उरलं नव्हतं. बाहेरच्या लेखकांनी लिहिलेल्या लांबलचक गोष्टी यायच्या आणि पहिल्या पायरीच्या पुस्तकात बसतील एवढ्या ती त्या कापून द्यायची. एका वाक्यात एकच गोष्ट, एका पानावर एकच वाक्य. आणि ‘का’ सांगत बसायचं नाही. अमका का रडला, तमका का पळाला हे सांगायला लागलं की वाक्याला शेपूट फुटतं आणि त्या शेपटावर पाय पडून मूल अडखळतं, असं तिचं म्हणणं होतं. ‘का’ ते चित्रात दिसेल. चित्रात नाही दिसलं तर मूल आपलं आपण ओळखेल. मुलं काही खुळी नसतात.

उन्हाळा सरता सरता तिचा नवरा गेला. सुट्टी संपल्यावर ती कामावर आली, खुर्ची ओढली आणि अर्धवट राहिलेली गोष्ट पुढे कापायला लागली. डोळ्यांत टिपूस नाही. शेजारच्या टेबलावरच्या बाई हळहळल्या, शिपाई दबक्या पावलांनी चहा ठेवून गेला. तो चहा बिनसाखरेचा होता हे तिला कळलं नाही; कप परत न्यायला आल्यावर त्याच्याच लक्षात आलं आणि तो बिचारा ओशाळला. कुणी म्हणालं, दगड झालीय. कुणी म्हणालं, धीराची आहे. दोन्ही तिने ऐकलं. कुणा तिसऱ्याच बाईबद्दल चाललंय असं तिला वाटलं, आणि ती पुढच्या वाक्याकडे वळली.

घरी सासूबाई होत्या आणि सात वर्षांची लेक होती. लेक सारखी काहीतरी गुणगुणत असे म्हणून तिच्या वडिलांनीच तिचं नाव भुंगी ठेवलं होतं. बाबा गेल्याचं भुंगीला सांगायचं काम साहजिकच आईकडे आलं. तिने मांडीवर घेऊन सांगितलं, “बाबा आजारी होते. बाबा दवाखान्यात गेले. बाबा देवाघरी गेले.” भुंगीने ऐकून घेतलं. काही विचारलं नाही, रडलीही फार नाही. पोर समजूतदार आहे हो, असं भेटायला आलेली माणसं म्हणाली. सासूबाई म्हणाल्या, “ज्याचं त्याला झेपेल तेवढंच देव देतो.” भुंगीचं गुणगुणणं तेवढं थांबलं होतं. घर एकूणच शांत असल्यामुळे ते कुणाच्या ध्यानात आलं नाही.

त्याच सुमारास शाळांकडून एक गाऱ्हाणं यायला लागलं. पुस्तकं छान आहेत, मुलं घडाघडा वाचतात; पण पुस्तक मिटून विचारलं की तोंडाकडे बघत बसतात. नळातून पाणी यावं तसं वाचन येतं, पण बादलीत थेंब राहत नाही, असं एका बाईंनी कळवलं होतं. मोठ्या साहेबांनी ठरवलं, नवं पुस्तक छापण्याआधी ते मुलांकडून वाचून घ्यायचं. मूल वाचेल, पुस्तक मिटेल, आणि काय झालं नि का झालं ते आपल्या शब्दांत सांगेल. ऐकणाऱ्याने ‘कशावरून?’ एवढंच विचारायचं. बरोबर म्हणायचं नाही, चूक म्हणायचं नाही, कपाळाला आठीसुद्धा घालायची नाही. नाहीतर मूल आपला चेहरा वाचतं, पुस्तक नाही. मूल काहीही बोललं तरी आपण फक्त म्हणायचं, ‘बरं.’

हा नियम कात्रीनेच घालून दिला होता, आणि सध्या तो तिच्याइतका चोख पाळणारं दुसरं कोणी नव्हतं.

नवं पुस्तक एका करडाचं होतं. मूळ गोष्टीत एक ताई होती आणि तिचं लाडकं करडू. करडाला पोटाचं दुखणं असतं, म्हणून ते गवताला तोंड लावत नाही. ताई त्याच्यावर रागावते, पण ते निराळ्याच कारणाने. त्याने तिची लोकरीची टोपी चावून ठेवलेली असते. आई करडाला जनावरांच्या डॉक्टरांकडे नेते, डॉक्टर खटपट करतात, पण दुखणं फार पुढे गेलेलं असतं आणि करडू मरतं. कात्रीने टोपी काढून टाकली, कारण टोपी आली की आणखी एक पान आलं. पोटाचं दुखणं काढलं, डॉक्टर काढले. पहिल्या पायरीच्या पुस्तकात कुणी मरायचं नाही असा संस्थेचा दंडकच होता, त्यामुळे मरणही गेलं. उरलं ते असं:

करडू गवत खात नाही.
ताई करडावर रागावते.
आई करडाला घेऊन जाते.
खुंटा रिकामा आहे.
ताई खुंट्याजवळ बसते.

वाचून घेण्यासाठी भुंगीचीच शाळा मिळाली. दुसरीच्या वर्गाला लागून असलेल्या अडगळीच्या खोलीत कात्रीला जागा करून दिली. खडूच्या धुळीचा वास, एका पायाने अधू झालेलं बाक, भिंतीला टेकवून ठेवलेल्या दोऱ्या आणि चेंडूंची जाळी. वर्गबाई एकेका मुलाला आत सोडत होत्या.

पुढचे दोन दात पडलेला एक मुलगा आला. त्याने पुस्तक एका दमात वाचलं आणि मिटून म्हणाला, “करडू विकलं.”

“कशावरून?”

“खात नाही ना. मग दूध कुठून देणार?”

“दूध? कशावरून?”

“नाही देत. म्हणूनच विकलं.”

“बरं,” कात्री म्हणाली.

दोन वेण्यांच्या मुलीने सांगितलं की करडू मामाकडे राहायला गेलं. कशावरून, तर सुट्टीत सगळेच जातात. तिसऱ्याने डोळे मिटून पाचही वाक्यं जशीच्या तशी म्हणून दाखवली. पुढे काय झालं असं विचारल्यावर तो दयेने तिच्याकडे बघत म्हणाला, “पुढे पुस्तक संपलं, बाई.” एरवी कात्रीला हसू आलं असतं. हे हसण्यासारखं आहे एवढं तिला कळलं, आणि तिने पुढचं मूल बोलावलं.

लेकीला बोलवायचं नाही असं तिने ठरवलं होतं. पण थोड्या वेळाने वर्गबाईंनी दारातून डोकं आत घातलं. “अहो, ही रुसून बसलीय. सगळ्यांना बोलावलं, मलाच का नाही म्हणते. घ्या की वाचून.”

भुंगी बाकावर बसली. पाय जमिनीला टेकत नव्हते. तिने पुस्तक सावकाश वाचलं, शेवटच्या चित्रावर बोट ठेवून थोडा वेळ थांबली, मग मिटलं.

“करडू मेलं,” ती म्हणाली.

सकाळपासून हे ओळखणारी ती पहिलीच होती. कात्रीतली कामात मुरलेली बाई मनात म्हणाली, शाबास.

“का मेलं?”

“ताई रागावली ना.”

“कशावरून?”

“तसंच असतं.” घड्याळात किती वाजले ते सांगावं तशा आवाजात भुंगी बोलत होती. “आधी आपण रागावतो. मग त्याला घेऊन जातात. मग ते परत येत नाही. बाबांचं नाही का झालं? बाबा मला गोष्ट वाचून दाखवता दाखवता मधेच झोपले. मी उठवलं तरी उठेनात. मग मी कट्टी घेतली, म्हटलं, आता मला नकोच तुम्ही. मग ते दवाखान्यात गेले.”

बाहेर मैदानात कुणीतरी शिट्टी वाजवली. कात्रीने पुस्तकाचा कोपरा सरळ केला.

“बरं,” ती म्हणाली. “पुढच्याला पाठव.”

भुंगी क्षणभर आईकडे बघत राहिली. मग मोठी माणसं एकमेकांचं पटल्यावर हलवतात तशी तिने मान हलवली, बाकावरून घसरून खाली उतरली आणि गेली. तिच्यानंतर आलेल्या दोन मुलांकडूनही कात्रीने पुस्तक वाचून घेतलं. एकाचं करडू पळालं होतं, एकाचं वाघाने नेलं होतं.

दुपारी ती कचेरीत पोचली तेव्हा चित्रकार रिकाम्या खुंट्याचंच चित्र रंगवत बसला होता. वयाने बराच मोठा, कामात तिचा जुना भिडू, आणि तिला कात्री म्हणायला सुरुवात त्यानेच केली होती.

“काय म्हणतात तुझी गिऱ्हाइकं? माझं करडू बकरीसारखं दिसतं की उंदरासारखं?”

“करडाबद्दल तक्रार नाही, दादा. ते कुठे गेलं तेवढं कुणाला कळत नाही.” तिने एकेकाचं उत्तर सांगितलं. दातपडक्याच्या दुधावर चित्रकार मनापासून हसला. त्याच सुरात, न थांबता, तिने भुंगीचंही उत्तर सांगितलं, कट्टीसकट सगळं.

चित्रकाराचा ब्रश हवेतच राहिला.

“आणि तू काय म्हणालीस?”

“बरं म्हणाले.”

“बरं?”

“नियमच आहे ना. बरोबर-चूक सांगायचं नाही.”

“अगं बाई, तो नियम करडासाठी होता!” त्याने ब्रश पाण्यात सोडून दिला. “पोरीने तुला काय सांगितलं, कळतंय का तुला? आणि तू तिला बरं म्हणालीस. आता तिला वाटणार, आईलाही हे ठाऊक आहे. आईलाही पटतंय.”

वाटीतल्या पाण्यात खुंट्याचा तपकिरी रंग हळूहळू सुटत होता. कात्री तिकडे बघत उभी राहिली. आपल्याला आत्ता काहीतरी व्हायला हवं होतं, पोटात खड्डा पडायला हवा होता, असं तिच्या मनात आलं. खड्डाबिड्डा काही पडला नाही. पण पाय निघाले. साहेबांना न सांगताच ती जिना उतरली, आणि पिशवी टेबलावरच राहिलीय हे तिला रस्ता ओलांडल्यावर कळलं.

शाळा सुटून गेली होती. भुंगी घरी खिडकीखाली फरशीवर पालथी पडून कागदावर रेघा ओढत होती. स्वयंपाकघरात सासूबाई ताटात तांदूळ निवडत होत्या. कात्री चपला न काढताच लेकीजवळ बसली.

“भुंगी, इकडे बघ. बाबांना आजार होता. त्यात तुझी काही चूक नाही. बाबांची तू लाडकी होतीस.”

“हो, आई,” भुंगी म्हणाली. वर्गबाईंना म्हणते तसं. आणि पुन्हा रेघा ओढायला लागली.

कात्रीने स्वतःचीच वाक्यं पुन्हा मनात म्हणून पाहिली. तिन्ही खरी होती. तिन्ही छोटी, स्वच्छ, कुठेही अडखळायला न लावणारी. पण एकानेही दुसऱ्याचा हात धरला नव्हता. मधल्या मोकळ्या जागेत भुंगीने आपलं कारण केव्हाच आणून बसवलं होतं, आणि आई नुसतं ‘चूक नाही’ म्हणाली म्हणून ते उठून जाणार नव्हतं. त्या जागेत बसायला खरं कारण हवं होतं. ते लांब होतं. शेपटासकट होतं.

“नाही,” ती म्हणाली. “तसं नाही. मी पहिल्यापासून सांगते. मोठं आहे, मधे कळलं नाही तर थांबव मला.”

तिने सुरुवात केली. आवाज कोरडाच होता. बातम्या वाचाव्यात तसा. “बाबा तुझ्याएवढे होते ना, तेव्हा त्यांना मोठा ताप आला होता. ताप गेला, पण जाताना त्यांच्या हृदयात एक खोड करून गेला. हृदयात आत छोटी छोटी दारं असतात. रक्त पुढे गेलं की ती मिटतात, म्हणजे ते मागे येऊ नये. त्यातलं एक दार तापामुळे वाकडं झालं.”

“मग तेल घालायचं,” भुंगी मान वर न करता म्हणाली.

“गोळ्या म्हणजे तेलच. ते रोज घ्यायचे. पण दार वाकडंच राहिलं होतं, म्हणून नीट मिटायचं नाही, म्हणून थोडं रक्त मागे यायचं. मग तेवढंच रक्त हृदयाला पुन्हा ढकलायला लागायचं. एकच काम दोनदा केलं की आपण दमतो ना? तसं ते दमायचं. वर्षानुवर्षं दमत होतं. गेल्या वर्षी फारच दमलं, म्हणून बाबा जिना चढताना थांबायचे.”

“बुटाची नाडी बांधतोय म्हणायचे.”

“हो. खोटंच. आणि म्हणूनच त्यांना दिवसा झोप यायची. बसल्या बसल्या, जेवता जेवता. तुला गोष्ट वाचतानासुद्धा.”

पेन्सिल थांबली.

भुंगी उठून बसली. तिच्या कपाळावर एक बारीक आठी आली. अवघड पानावर यायची तशी. ती ओठांतल्या ओठांत काहीतरी जुळवत होती, आणि कात्रीने घाई केली नाही.

“म्हणजे आधी ताप,” भुंगी म्हणाली. “मग दार वाकडं. मग दमले. मग झोपले. मग मी रागावले.”

“हो.”

“मी शेवटी आले.”

“तू शेवटी आलीस. तू रागावली नसतीस तरी ते दवाखान्यात जाणारच होते. जायचा दिवस आधीच ठरला होता.”

“तुला माहीत होतं?”

“होतं.”

“मग मला का नाही सांगितलंस?”

“तुला अवघड जाईल असं वाटलं.”

भुंगीने यावर थोडा विचार केला. “अवघडच आहे,” ती म्हणाली. “पण मला वाटत होतं ते जास्त अवघड होतं.” आणि मग एकदम खाली बघून, “पण आई, कट्टी तशीच राहिली गं.”

याला कात्रीकडे कारण नव्हतं. होती ती फक्त एक आठवण, आणि ती तिने आजवर कुणाला सांगितली नव्हती. सांगण्यासारखं काही आहे असं तिला त्या दिवसांत वाटलंच नव्हतं. “दवाखान्यात ते मला म्हणाले, बाईसाहेब रुसल्यात माझ्यावर. हसत होते. मी म्हटलं, रुसणारच, अर्ध्यात झोपलात. तर म्हणाले, खरंय तिचं, मीही रुसलो असतो. घरी गेलो की आधी उरलेली गोष्ट वाचणार, मग बट्टी.”

“असं म्हणाले?”

“असंच म्हणाले.”

तेव्हा भुंगी रडली. आईच्या कुशीत तोंड खुपसून, हुंदके देत, नाक पुसायचं भान न राहता रडली. कात्रीने तिला धरून ठेवलं. आपणही रडू असं तिला वाटलं होतं, पण तसं काही झालं नाही. दंडावरचं ओझं, ओला झालेला पदर, चपलेचा रुतणारा पट्टा एवढंच तिला जाणवत होतं. जाणवत होतं, हेही पुष्कळ होतं.

रडणं ओसरल्यावर भुंगी म्हणाली, “परत सांग. तापापासून.”

तिने परत सांगितलं. या खेपेस भुंगी मधे मधे पुढचं वाक्य आधीच म्हणत होती. मग ती उठली, फ्रॉकला तोंड पुसलं आणि तडक स्वयंपाकघरात गेली. “आजी, तुला माहितीये का बाबांचं काय झालं? ऐक.”

कात्री दारात जाऊन उभी राहिली. भुंगी आजीसमोर मांडी घालून सांगत होती. हातांनी दार मिटून दाखवत होती, रक्त मागे येऊन दाखवत होती. एका ठिकाणी चुकली. ताप आला तेव्हा आपणही तिथे होतो असं म्हणाली. “तू नव्हतीस,” कात्रीने दारातून सांगितलं. “तेव्हा तू कुठली?” “हां, मी नव्हते,” असं म्हणून भुंगीने ते वाक्य सुधारलं आणि पुढे गेली.

सासूबाईंचा हात तांदळात तसाच थांबला होता.

“मी होते,” त्या म्हणाल्या.

त्यांचा आवाज इतका हळू होता की भुंगीला पुढे वाकावं लागलं.

“मी होते गं त्या तापाला. साधा ताप असेल म्हणून घरचंच औषध देत बसले. देवापुढे हात जोडत राहिले. गुडघे सुजले तेव्हा कुठे डॉक्टरांकडे नेलं. उशीर मी केला. तू शेवटी आलीस, बाळ. मी पहिलीच होते.”

कात्री त्यांच्याकडे बघत राहिली. इतकी वर्षं एका घरात काढली, एका ताटातलं वाटून खाल्लं. हे तिच्या कानावर कधी आलं नव्हतं. सासऱ्यांना तरी बोलल्या होत्या का, देव जाणे.

“डॉक्टर तसं म्हणाले?” भुंगीने विचारलं.

“ते कशाला म्हणतील?”

“मग तुला कसं कळलं?”

“कळतं बाई आईला.”

“मलापण कळलं होतं,” भुंगी म्हणाली. “ते चुकीचं निघालं.” मग ती दाराकडे वळली. “आई, आजीने लवकर नेलं असतं तर दार वाकडं झालं नसतं?”

नाही, असं म्हणणं सोपं होतं. एका शब्दात काम झालं असतं. कात्रीने चपला काढल्या, आत येऊन फरशीवर त्या दोघींजवळ बसली. “मला माहीत नाही,” ती म्हणाली. “कदाचित वाचलं असतं. कदाचित आजीने नेलं त्याच्या आधीच झालं असेल. हे डॉक्टरांना विचारायला लागेल.”

“मग विचारू.”

“आता विचारून काय करायचंय गं?” सासूबाई म्हणाल्या.

“कळायला,” भुंगी म्हणाली.

सासूबाईंनी तांदळातला एक खडा उचलला, निरखून पाहिला आणि बाजूला ठेवला. मग त्यांनी सुनेकडे पाहिलं.

“आणि माझ्यामुळेच झालं म्हणाले तर?”

कात्रीने तांदळाचं ताट आपल्याकडे ओढून घेतलं.

“तर म्हणतील, आई,” ती म्हणाली. “मी असेन ना बरोबर.”